सोसायटीत फायबर : नुसते पाइप टाकावेत की केबलही सोसायटीचीच?

मेधा_कर्वेनगर
नमस्कार मंडळी. जाणकारांचा सल्ला हवा आहे, म्हणून हा धागा.

आमची कर्वेनगरातली जुनी सोसायटी. तीन विंग, पार्किंगवर चार मजले, मजल्यावर चार घरं. दिवाळीनंतर गळतीचं आणि बाहेरून रंगाचं काम निघालंय. ठेकेदार इमारत बघून गेला आणि म्हणाला, परांची बांधायच्या आधी या सगळ्या तारा उतरवा, नंतर तुटल्या तर मला बोलायचं नाही.

तारा म्हणजे काय, तर गच्चीवरून खाली सोडलेल्या नेटच्या काळ्या केबली, कधीच्या बंद पडलेल्या केबल टीव्हीच्या जाड वायरी, पावसाळी पाइपाला सुतळीने बांधलेली वेटोळी. प्रत्येकाने खिडकीच्या चौकटीशेजारी भोक पाडून आपापली आत घेतली आहे. त्या भोकांतून पाऊस आत येतो, म्हणजे गळतीच्या तक्रारींचं एक मूळ तिथेच आहे.

आता या निमित्ताने सगळं एकदाच नीट करावं यावर कमिटीत एकमत आहे. पण कसं करायचं यावर दोन तट पडलेत. काहींचं म्हणणं, पार्किंगपासून प्रत्येक मजल्यापर्यंत रिकामे पीव्हीसी पाइप टाकू, जिन्यात पेट्या लावू. ज्या कंपनीला यायचं तिने त्यातून आपली केबल ओढावी. दुसऱ्यांचं म्हणणं, पाइपात केबलही सोसायटीनेच टाकावी, पार्किंगमध्ये एक कपाट करावं आणि कंपन्यांनी तिथपर्यंतच यावं. मला स्वतःला दुसरा मार्ग पटतो. सप्टेंबरअखेर वार्षिक सर्वसाधारण सभा आहे, तिथे ठराव मांडायचाय. कोणी असं काम केलंय का? खर्च, कटकटी, भांडणं, सगळं सांगा.

वाकडेतिकडे
मेधाताई, केबल कोणाची हे नंतर ठरवा. रस्ता सोसायटीचाच राहू द्या, एवढं आधी लिहून घ्या.

आमच्याकडे वाकडला बिल्डरने ताबा देतानाच एका कंपनीशी करार केला होता. शाफ्टमध्ये त्यांचीच पेटी, त्यांचंच कुलूप. दुसरी कंपनी आली की वॉचमन सांगायचा, किल्ली नाही. तीन टॉवरची माणसं एकाच दुकानात बांधून घातल्यासारखी. सेवा बंद पडली की फोन करून बसायचं, कारण दुसरीकडे जायची सोयच नव्हती. सोसायटी रजिस्टर झाल्यावर नव्या कमिटीने शाफ्टचा ताबा मागितला, बरीच पत्रापत्री झाली, तेव्हा कुठे कुलूप निघालं. आज चार कंपन्या आहेत आणि चौघीही फोन उचलतात.

सिंहगडरोडवासी
+१. शिवाय दूरसंचार नियामक ट्रायने २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीबद्दल मानांकन देण्याचे नियम केले आहेत. सगळ्या कंपन्यांना सारखा प्रवेश आहे का, हा त्यातला एक मुद्दा आहे. आज जुन्या सोसायटीला त्याची सक्ती नाही, पण भाड्याने घर घ्यायला येणारी आयटीतली मुलं पहिला प्रश्न नेटचाच विचारतात.

अभय_बिबवेवाडी
एवढा खटाटोप कशाला? लिफ्टचा डक्ट गच्चीपासून खालपर्यंत सरळ आहे. त्यातून सोडा केबली, भिंतीला हातही लावायला नको.

जिने_चढणारा
अभयराव, हे कृपया करू नका. लिफ्टच्या डक्टमध्ये लिफ्टच्या कामाच्या वायरिंगखेरीज दुसरं काहीही टाकायचं नसतं. लिफ्ट तपासणीत हरकत निघेल ती निघेलच. पण सुटलेली केबल फिरत्या भागात अडकली तर आत माणसं असतात हो.

अभय_बिबवेवाडी
बरं, नाही टाकत. मग बाथरूमच्या बाजूचा डक्ट?

रोहिणी_औंध
आमच्याकडे तिथूनच आहे. वर्षभरात जितक्या वेळा नेट गेलं तितक्या वेळा कारण एकच, कोणाच्या तरी घरचा प्लंबर डक्टमध्ये उतरला. पाइप बदलताना त्याला हात ठेवायला जागा लागते, तो केबलला धरतो. आणि कबुतरं! बॉक्सच्या वर घरटं, बॉक्समध्ये विष्ठा. दुरुस्तीला आलेला मुलगा रुमाल बांधून आत गेला आणि शिंकत बाहेर आला. नका जाऊ त्या वाटेला.

स्प्लायसर_चिंचवड
मी याच कामात आहे, पिंपरी-चिंचवडकडे इमारतींची फायबरची कामं घेतो. मेधाताईंच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो, थोडं लांबेल.

जिन्यालगत उभा पाइप घ्या. विजेच्या मेन केबलच्या पाइपात फायबर घालू नका. काचेला विजेचा त्रास होत नाही, पण उद्या वायरमन त्याच पाइपातून जाड केबल ओढेल आणि तुमची काच चिरडेल. प्रत्येक विंगला दोन पाइप टाका, एक वापराचा, एक रिकामा. दोन्हींत नायलॉनची दोरी आधीच ओवून ठेवा. परकरात नाडी ओवायची तसंच आहे, एकदा सुटली की पुन्हा घालायला जीव जातो. वळणावर बाजारात मिळणारा काटकोनी एल्बो लावू नका, लांब गोलाईचा बेंड लावा. आणि दोन बेंडनंतर एक पेटी ठेवा, म्हणजे ओढताना मध्ये हात घालता येतो.

वळणावर एवढा जोर का, तर साधी सिंगल मोड फायबर, म्हणजे जी.६५२, तिची वळणाची त्रिज्या ३० मिलिमीटरपेक्षा कमी करायची नसते. त्याहून घट्ट वळली की प्रकाश बाहेर गळतो. इमारतीत आम्ही जी.६५७.ए२ वापरतो, ती साडेसात मिलिमीटरपर्यंत सहन करते. दर मागताना हे नाव कागदावर लिहूनच मागा. नुसतं 'फायबर केबल' लिहिलंत तर जी गाडीत असेल ती पडेल.

आता पाइप की केबल. माझं मत केबलसकट, पण एका अटीवर. बरेच जण मजल्यावरच्या पेटीत स्प्लिटर बसवतात, म्हणजे खालून एक फायबर वर जाते आणि तिथे आठ घरांत वाटली जाते. केबल वाचते, काम पटकन होतं. पण मग त्या आठही घरांना एकच कंपनी. तुम्हाला कंपनी निवडायची मोकळीक हवी असेल तर प्रत्येक घरापासून पार्किंगच्या कपाटापर्यंत स्वतंत्र कोअर, म्हणजे केबलमधला एक काचेचा धागा, न्या आणि स्प्लिटर तिथे, कपाटात, ज्या त्या कंपनीचा बसू द्या. घराने कंपनी बदलली की एक पॅचकॉर्ड, म्हणजे जोडणीची छोटी केबल, या पोर्टवरून त्या पोर्टवर. जिन्यात कोणी शिडी लावायला नको.

तुमच्या विंगला सोळा घरं. चोवीस कोअरची एक केबल वर न्या, सोळा वापरा, आठ शिल्लक ठेवा.

नाना_पेठकर
हे सगळं पार्किंगवाल्यांचं झालं. आमचं घर वाड्यात, नारायण पेठ. दगडी जोतं, वर विटा आणि लाकूड, जिना इतका अरुंद की गादी दोरीने खिडकीतून चढवतात. नेटवाला ड्रिल घेऊन आला. त्याचं बिट संपलं, भिंत संपली नाही!

शेवटी जुन्या टेलिफोनच्या भोकातून केबल आत घेतली. ते काम मात्र पोराने सुरेख केलं. तुळईच्या कडेकडेने, लाकडाच्याच रंगाच्या केसिंगमधून, एकही खिळा नक्षीवर न मारता. त्याला चहा पाजून विचारलं, कुठे शिकलास, तर म्हणाला, आमचाही वाडा होता.

आमचा खरा शत्रू उंदीर. पोटमाळ्यावर केबल कुरतडतात. यावर काय उपाय?

स्प्लायसर_चिंचवड
नाना, पोटमाळ्यावरचा भाग एचडीपीई, म्हणजे जाड प्लास्टिकच्या पाइपातून किंवा लोखंडी कॉन्ड्यूटमधून न्या आणि दोन्ही तोंडं स्टील वूल कोंबून वरून सीलंटने बंद करा. आर्मर्ड केबलही मिळते, काचतंतूंच्या वेटोळ्याची किंवा स्टीलच्या पट्टीची. घरात काचतंतूवाली बरी. उंदराला दाताखाली ते आवडत नाही.

यावरून एक महत्त्वाचं आठवलं. बाहेरच्या चपट्या ड्रॉप केबलला वजन पेलायला एक पोलादी तार असते. ती तार तशीच घरात नेऊ नका. गच्चीवरून येणारी धातूची तार विजेच्या तारेला लागली किंवा पावसात वीज पडली तर ती थेट टीव्हीच्या कोपऱ्यापर्यंत येते. इमारतीच्या तोंडाशी ती छाटायची आणि आत एफआरपीवाली, धातू नसलेली केबल घ्यायची.

सदानंद_खजिनदार
मी एका सोसायटीचा खजिनदार आहे आणि माझं मत स्पष्टपणे विरुद्ध आहे. रिकामे पाइप टाका आणि तिथेच थांबा.

केबल सोसायटीची झाली की बिघाडही सोसायटीचा. रात्री अकराला तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाची मीटिंग तुटली की तो कंपनीला फोन करेल. कंपनी म्हणेल, आमचं सिग्नल कपाटापर्यंत ठीक आहे, पुढचं सोसायटी बघेल. मग तो सेक्रेटरीची बेल वाजवेल. सेक्रेटरी सत्तर वर्षांचे. त्यांनी काय टॉर्च घेऊन काच शोधायची? शिवाय काही कंपन्या दुसऱ्याने टाकलेल्या केबलवर जोडणी द्यायलाच तयार नसतात. आमच्याकडे एकीने तसं तोंडावर सांगितलं. पैसे सभासदांचे, केबल भिंतीत, आणि वापरणारा कोणी नाही, अशी वेळ आली तर सभेत उत्तर कोण देणार?

मेधा_कर्वेनगर
सदानंदकाका, हा मुद्दा मला खरंच टोचला. आमचेही सेक्रेटरी त्याच वयाचे आहेत. स्प्लायसर, कंपन्या नाही म्हणतात हे खरं का?

स्प्लायसर_चिंचवड
खरं आहे, आणि त्यांचीही बाजू आहे. दुसऱ्याचा जॉइंट कसा आहे हे माहीत नसताना वेगाची हमी कोण देईल? म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो, केबल टाकायच्या आधी ज्या कंपन्या आज इमारतीत आहेत त्यांच्याकडून लेखी घ्या की आमच्या फायबरवर तुम्ही जोडणी द्याल. आणि काम झाल्यावर प्रत्येक कोअरचं मोजमाप कागदावर त्यांच्या हातात द्या. आकडा समोर असला की वाद मिटतो.

आकडे पटण्यासारखे असतात, थोडक्यात सांगतो. जीपॉन म्हणजे एका फायबरवरून स्प्लिटरने अनेक घरांना नेट द्यायची पद्धत. तिच्या बी प्लस वर्गात प्रकाशाची एकूण २८ डेसिबलपर्यंत घट चालते. एकास आठ स्प्लिटर साधारण साडेदहा खातो. रस्त्यावर एक आणि इमारतीत एक असे दोन लागले की २१ तिथेच गेले. उरलेल्या सातांत रस्त्याची लांबी, जॉइंट, कनेक्टर सगळं बसवायचं. इमारतीतल्या केबलची लांबी यात जवळजवळ मोजायलाच नको, कारण किलोमीटरला ०.३५ डेसिबल जातात आणि तुमची केबल पन्नास-साठ मीटर. खातात ते कनेक्टर आणि वळणं. नीट केलेला फ्यूजन जॉइंट, म्हणजे काच वितळवून केलेला सांधा, ०.०५ च्या आसपास, हाताने दाबून बसवलेला फास्ट कनेक्टर त्याच्या कित्येक पट. म्हणून इमारतीत सगळीकडे फ्यूजनच करा. ठेकेदार घाई करेल, ऐकू नका.

अनघा_पाषाण
फ्यूजन जॉइंट करताना कोणी पाहिलंय का? आमच्या जिन्यात मागच्या महिन्यात चाललं होतं, मी भाजी आणायला निघाले होते ती तिथेच उभी राहिले. त्या मुलाने केबलचं आवरण सोललं, आत रंगीत केसासारखा धागा. त्याचा रंगही स्ट्रिपरने ओढून काढला. मग राहिली ती उघडी काच, नजर तिरकी केल्याशिवाय दिसतही नव्हती. अल्कोहोलच्या कपड्याने पुसली, कट्‌कन एका छोट्या यंत्रात तिचं टोक तोडलं. दुसरीचंही तसंच. मशीनच्या पडद्यावर दोन जाड खांब समोरासमोर आले, आपोआप वरखाली सरकून रांगेत लागले, मध्ये ठिणगी पडली, आणि दोनाचा एक खांब. सांधा कुठे होता ते दिसेचना. आधीच ओवून ठेवलेली नळी त्यावर सरकवून त्याने तापवायला ठेवली.

तो म्हणाला, ही काच १२५ मायक्रॉनची, पण प्रकाश जातो मधल्या ९ मायक्रॉनमधून. भाजी राहिली बाजूला, मी अर्धा तास तिथेच.

स्प्लायसर_चिंचवड
अनघाताई, असं थांबून बघणारं कोणी असलं की आम्हालाही काम करायला हुरूप येतो. तोडलेली काचेची टोकं त्याने कुठे टाकली ते पाहिलंत का? ती चिकटपट्टीवर किंवा डबीतच गोळा व्हायला हवीत. जिन्यात पडली तर दिसत नाहीत, आणि मुलं अनवाणी खेळतात. तुमच्याकडे काम चालू असेल तेव्हा हे जरूर तपासा.

चिन्मय_कोथरूड
अवांतर: काचेत प्रकाश वळतो कसा हे मुलीला दाखवायला आम्ही प्लास्टिकच्या बाटलीला खाली भोक पाडलं, पाणी भरलं आणि मागून लेझर टॉर्च मारला. पाण्याची धार वाकून बादलीत पडते आणि प्रकाश धारेबरोबर वाकतो! कोलाडॉन या स्विस शास्त्रज्ञाने हाच प्रयोग १८४०च्या दशकात करून दाखवला होता. पुढे पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेल्या नरिंदर सिंग कपानी यांनी १९५४ साली हॅरल्ड हॉपकिन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाबरोबर काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवल्याचा निबंध 'नेचर'मध्ये छापला. चार्ल्स काव यांनी १९६६ साली दाखवून दिलं की काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून लांबवर संदेश जाईल. त्यांना २००९चं नोबेल मिळालं. कपानींना २०२१ साली मरणोत्तर पद्मविभूषण. मुलगी आता प्रत्येक पाहुण्याला बाटली दाखवते.

नाना_पेठकर
चिन्मय, हा प्रयोग आज नातवाला दाखवणार. स्वयंपाकघर ओलं झालं तर तुमचं नाव सांगतो. :)

रोहिणी_औंध
एक घरगुती प्रश्न. सोफा हलवल्यापासून राउटरवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लुकलुकतो. कंपनीचा माणूस उद्या येणार. तोवर मी काय करू?

वाकडेतिकडे
सोफा परत होता तिथे सरकवा. केबल पायाखाली दबली असेल. फायबरला वाकडेतिकडे चालत नाही, हे माझं नाव असूनही सांगतो!

स्प्लायसर_चिंचवड
हेच. शिवाय कनेक्टरचा रंग बघा. हिरवा म्हणजे एपीसी, त्याचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं. निळा यूपीसी, तो सरळ. हिरवा निळ्यात घातला तर बसतो, पण मध्ये फट राहते आणि प्रकाश वाया जातो. आणि कनेक्टर काढून डोळ्यासमोर धरू नका. या लहरी अवरक्त असतात, दिसत नाहीत, त्यामुळे डोळा मिटायचं सुचतही नाही. टोकाला बोटही लावू नका, बोटाचं तेल सिग्नल अडवायला पुरेसं असतं.

रोहिणी_औंध
सोफा सरकवला. लाल दिवा गेला! उद्याच्या माणसाला नको म्हणून कळवते.

निवृत्त_जॉइंटर
धागा पहिल्यापासून वाचला. मी टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होतो. तांब्याच्या जोड्या, कागदी इन्सुलेशन, शिशाच्या आवरणाची केबल, खड्ड्यात बसून शेकडो जोड्या जुळवायच्या. पाऊस आला की ताडपत्री धरायला माणूस लागायचा.

सदानंदरावांची चिंता रास्त आहे, पण ती काचेची नाही. ती नोंदीची आहे. आमच्या काळात डीपी, म्हणजे घरोघरच्या जोड्या वाटणारी पेटी, उघडली की झाकणाच्या आत जोडीचा नंबर आणि घराचा नंबर लिहिलेला असायचा. जिथे तो लिहिलेला होता तिथे बिघाड दहा मिनिटांत निघायचा. जिथे नव्हता तिथे दिवस जायचा, आणि आम्ही एकाचा फोन चालू करताना दुसऱ्याचा बंद करून यायचो. सोसायटीला सत्तर वर्षांच्या सेक्रेटरीने काच शोधायची गरज नाही. वहीत बघून सांगता आलं पाहिजे, की बी विंग, ३०२, निळी ट्यूब (केबलमधली धाग्यांची नळी), जांभळी कोअर, कपाटातलं पोर्ट नंबर दहा.

फायबरचे रंग ठरलेले आहेत, आपल्याकडे साधारण हेच: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. बाराच्या पुढे ट्यूबचा रंग बदलतो आणि आत पुन्हा निळ्यापासून. पहिल्या मजल्याच्या पहिल्या घरापासून याच क्रमाने जोडा. कोणी म्हणालं, हा रंग मोकळा आहे, इथे लावून टाकतो, तर त्याला थांबवा. तिथूनच सगळं बिघडायला लागतं. मेधाताई, मला नकाशा पाठवलात तर वहीचे रकाने मी आखून देतो. घरी बसून असतो, मनापासून करेन.

मेधा_कर्वेनगर
काका, नक्की पाठवते. मनापासून आभार.

जिने_चढणारा
आगीबद्दल कोणीच बोललं नाही. उभा पाइप किंवा शाफ्ट स्लॅबमधून जातो तिथे भोक मोकळं सोडू नका. प्रत्येक मजल्यावर ते आगरोधक मसाल्याने बुजवायचं असतं, राष्ट्रीय इमारत संहितेतही तेच सांगितलंय. मोकळा शाफ्ट म्हणजे धुराला चिमणी. तळमजल्यावर मीटर रूममध्ये काही पेटलं तर वरच्या मजल्यावर आधी धूर पोचतो, आग नंतर. आणि आतली केबल एलएसझेडएच आवरणाची मागा, ती जळताना धूर कमी होतो आणि हॅलोजनचा विषारी वायू होत नाही. जिन्यात बंद केबल टीव्हीच्या वायरींचे गठ्ठे असतील तर ते आधी काढा. जळायला सामान कमी, तेवढं सुटकेला बरं.

अनघा_पाषाण
आमच्या ज्येष्ठ नागरिकांना भीती आहे की घरासमोर पेटी लावली तर रेडिएशन. काय सांगू?

चिन्मय_कोथरूड
सांगा की पेटीत वीजच नाही. स्प्लिटर आणि जॉइंट म्हणजे नुसती काच, प्लगही लागत नाही. रेडिओ लहरी घरातल्या वायफायमधून निघतात, जिन्यातल्या फायबरमधून नाही.

सिंहगडरोडवासी
यावरून: ज्यांच्या गच्चीवर जुन्या पद्धतीचे स्विच बसवलेले आहेत त्यांनी त्याची वायर कुठे जाते ते बघा. आमच्याकडे एका ऑपरेटरची पेटी सोसायटीच्या कॉमन मीटरवर चालत होती, कोणाचीच परवानगी नसताना. पॉनमध्ये, म्हणजे स्प्लिटरच्या या बिनविजेच्या पद्धतीत, ती भानगड राहत नाही. वीज गेली तरी कपाट चालूच, घरातल्या ओएनटीला, म्हणजे फायबर जिथे जोडतात त्या यंत्राला, बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की काम भागतं.

सदानंद_खजिनदार
निवृत्त जॉइंटर काकांचं म्हणणं पटलं. वही असेल, मोजमाप कागदावर असेल आणि कंपन्यांची लेखी संमती आधी असेल, तर माझा विरोध मावळतो. तरी एक विचारतो. आज टाकलेली केबल पाच वर्षांत जुनी झाली तर? तांबं गेलं, केबल टीव्हीची कोॲक्स गेली, तशी हीही जाईल.

स्प्लायसर_चिंचवड
काका, काच तीच राहते, टोकांवरची यंत्रं बदलतात. जीपॉनमध्ये खाली येताना २.४८८ गिगाबिट आणि वर जाताना १.२४४. त्याच्या पुढच्या पिढीत, एक्सजीएस-पॉनमध्ये, दोन्हीकडे १० गिगाबिट, त्याच सिंगल मोड फायबरवर, नुसत्या वेगळ्या लहरींवर. १४९० आणि १३१० नॅनोमीटरवर जुनी सेवा, १५७७ आणि १२७० वर नवी, दोन्ही एकाच वेळी एकाच काचेतून जातात. भिंत फोडायची गरज पडत नाही. फक्त कोणी स्वस्तात मल्टिमोड ही दुसऱ्या प्रकारची फायबर गळ्यात मारायला आला तर घेऊ नका, पॉनला सिंगल मोडच लागते.

वाकडेतिकडे
आणि रस्त्याकडून येणारी वाट विसरू नका. महापालिका अधूनमधून खांबांवरच्या बेकायदा लोंबत्या केबली कापते, तेव्हा सगळी सोसायटी एकदम अंधारात. फाटकापासून पार्किंगच्या कपाटापर्यंत जमिनीखालून दोन पाइप तुमच्या हद्दीत तरी टाकून ठेवा. उतार बाहेरच्या बाजूला द्या, नाहीतर पावसात तो पाइप रस्त्याचं पाणी तुमच्या पार्किंगमध्ये आणतो. पावसाळ्यात रस्ता खोदायला परवानगी मिळत नाही, पण आवारातलं काम तुम्ही आधी उरकू शकता.

मेधा_कर्वेनगर
सगळ्यांचे प्रतिसाद छापून काल कमिटीच्या बैठकीत वाचले. ठराव असा होतोय: तिन्ही विंगना प्रत्येकी दोन पाइप, पेट्या आणि फाटकापासूनची वाट आता, रंगकामाबरोबरच. केबल आधी फक्त बी विंगला, कारण तिथले सभासद तयार आहेत आणि दोन कंपन्यांनी लेखी होकार दिलाय. तिसरीने अजून उत्तर दिलेलं नाही. बी विंगची वही नीट चालली तर ए आणि सी पुढच्या वर्षी. सदानंदकाकांचा मुद्दा धरून वर्षाच्या देखभालीचा दर निविदेतच मागतोय, आणि बिघाडाचा फोन कंत्राटदाराला, सेक्रेटरींना नाही.

एकच अडलंय. भिंतीवरच्या जुन्या केबली काढायच्या, पण त्यातली चालू कोणती, बंद कोणती, आणि कोणाची, हे कोणालाच माहीत नाही.

स्प्लायसर_चिंचवड
कंपन्यांना तारीख घालून नोटीस द्या की अमुक दिवसापर्यंत आपापल्या केबलवर फ्लॅट नंबरचा टॅग लावा, टॅग नसलेली उतरवली जाईल. फाटकावर आणि प्रत्येक विंगच्या बोर्डवर तीच नोटीस लावा. उतरवायच्या दिवशी ओळख पटवणारं यंत्र घेऊन माणूस उभा करा. फायबरला हलका बाक देऊन ते आत सिग्नल आहे की नाही ते सांगतं. त्याआधी रंगाऱ्याच्या हातात कटर देऊ नका. आणि चालू केबली नव्या पाइपात वळवल्याशिवाय जुनी कापू नका. शनिवारी रात्री काम धरा, लोकांचं ऑफिस नसतं.

निवृत्त_जॉइंटर
कापायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवा, खिडकीच्या भोकांसकट. भोकं बुजवायची यादी त्यावरूनच तयार होईल आणि गळतीवाल्यालाही उपयोगी पडेल. नकाशा मिळाला. बी विंगचे रकाने आखतोय, फक्त ४०४ आणि ४०१ आतून जोडून एक केलंय असं दिसतं, तिथे एक कोअर द्यायची की दोन ते कळवा.

मेधा_कर्वेनगर
दोन. उद्या वेगळं झालं तर पुन्हा शिडी नको.